झूम भिंग व आटोपशीर कॅमेरा

कॅमेरा जागेवरून न हलविता चित्रात येणाऱ्या दृश्याचा विस्तार कमीजास्त करता यावा म्हणून ज्याचे केंद्रांतर (अतिदूर वस्तूची प्रतिमा भिंगामागे जेवढ्या अंतरावर स्पष्ट पडते ते अंतर) ठराविक मर्यादांत सलगपणे बदलता येते, अशा संयुक्त भिंगास झूम भिंग म्हणतात. खिशात किंवा लहान पिशवीत मावणारा, भिंग कायमचे बसविलेला आणि प्रकाशमापन, केंद्रीकरण व झडपेची वेळ ठरविणे ही कामे बहुतांशी आपण होऊन करणारा कॅमेरा तो आटोपशीर (कॉम्पॅक्ट) कॅमेरा. या दोहोंची सांगड १९८० नंतर पडली आणि तेव्हापासून कॅमेऱ्याच्या खोक्यावर ठळक छापलेला ‘४ एक्स’, ‘१० एक्स’, ‘३० एक्स’ यांसारखा आकडा सामान्य ग्राहकाच्या निवडीचा मुख्य आधार होऊन बसला. हा आकडा खोटा नसतो. परंतु तो जे सांगतो असे समजले जाते, ते तो सांगत नाही. मोजक्या पैशांत कॅमेरा घेणाऱ्याची फसगत बहुधा येथेच होते.

प्रस्तुत विवेचनातील उदाहरणे विटा (ता. खानापूर, जि. सांगली) व त्याच्या आसपासच्या भागातून घेतली आहेत. विटा हे यंत्रमागांचे शहर. या भागातील सोनेचांदी गाळणारे गलाई कारागीर देशभरच्या सराफ बाजारांत विखुरलेले असून सणावारी व यात्रेला ते गावी परततात. यंत्रमागाच्या शेडमधील अरुंद वाट, माजघरात एकत्र जमलेले कुटुंब, दागिन्यावरील बारीक नक्षी, दसऱ्याची पालख्यांची शर्यत आणि मायणीच्या तलावावरील पक्षी या सर्वांना एकच कॅमेरा पुरा पडावा, अशी येथील मध्यम ऐपतीच्या घराची साहजिक अपेक्षा असते. यांतील प्रत्येक विषयाची भिंगाकडून होणारी मागणी मात्र निराळी असते.

इतिहास : केंद्रांतर बदलता येणाऱ्या भिंगाचे एक पेटंट क्लाइल ॲलन यांनी १९०२ मध्ये अमेरिकेत घेतले. चलच्चित्रणासाठी ४० ते १२० मिमी. केंद्रांतराचे ‘कुक व्हॅरो’ भिंग १९३२ मध्ये पुढे आले. चित्रपटात कॅमेरा न हलविता दृश्य जवळ आणण्याची सोय मोलाची असल्याने झूमचा विकास प्रथम त्या क्षेत्रात झाला. ३५ मिमी. फिल्मच्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यासाठी पहिले झूम भिंग फ्रँक बॅक यांनी अभिकल्पिलेले ‘झूमार’ (३६ ते ८२ मिमी.) हे होय; ते फोइग्टलेंडर कंपनीने १९५९ मध्ये विक्रीस आणले. खिशातल्या कॅमेऱ्यात विद्युत् चलित्रावर चालणारे झूम येण्यास १९८६ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ‘पेंटॅक्स झूम ७०’ या कॅमेऱ्याचे भिंग ३५ ते ७० मिमी., म्हणजे अवघे दोन पट होते.

स्वस्त कॅमेऱ्याचा इतिहास याहून जुना आहे. ईस्टमन कोडॅकचा ‘ब्राउनी’ हा कॅमेरा १९०० मध्ये एका डॉलरला मिळू लागला. भारतात अनेक घरांतील पहिला कॅमेरा म्हणजे बडोद्यास तयार होणारा ‘आग्फा क्लिक–३’. त्यावर १२० क्रमांकाच्या फिल्मची ६ × ६ सेंमी. आकाराची १२ चित्रे येत. फिल्म पुष्कळदा उदकमंडलम येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स (स्थापना १९६०) या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ असे. त्याचे भिंग स्थिर केंद्रांतराचे होते. वस्तू मोठी दिसावी असे वाटल्यास चार पावले पुढे जाणे हाच उपाय. बारा चित्रांत सण उरकावयाचा असल्याने ती चार पावले विचारपूर्वक टाकली जात, हेही नमूद केले पाहिजे.

स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये कोडॅकमध्ये बनविलेल्या पहिल्या अंकीय (डिजिटल) कॅमेऱ्याच्या चित्रात केवळ १०० × १०० चित्रबिंदू (पिक्सेल) होते. पुढे फिल्मच्या जागी प्रकाश-संवेदक आला व तो नखाएवढा झाल्यावर भिंगही लहान करता आले. मोठ्या पटीचे झूम खिशात मावू लागले ते भिंगशास्त्राच्या प्रगतीइतकेच संवेदक लहान झाल्यामुळे.

कार्यपद्धती : अत्यंत साध्या झूम भिंगात पुढे अंतर्गोल व मागे बहिर्गोल असे दोन भिंगगट असतात. प्रत्येक गटात विविध काचांची अनेक भिंगे असली, तरी समजण्यासाठी गट हे एकच भिंग मानता येते. पुढील गटाचे केंद्रांतर उणे १० मिमी., मागील गटाचे अधिक १० मिमी. आणि दोहोंतील अंतर अ मिमी. असल्यास संयोगाचे केंद्रांतर १०० ÷ अ मिमी. येते. गट २० मिमी. दूर असताना ते ५ मिमी., १० मिमी. दूर असताना १० मिमी. आणि ५ मिमी. पर्यंत जवळ आणले असता २० मिमी. होते. हे चार पट झूम झाले. नवी काच न घालता, केवळ दोन गटांतील अंतर बदलून हे साधते.

तथापि प्रतिमा संवेदकावरच पडत राहावयाची, तर दोन्ही गटांना हलावे लागते. वरील उदाहरणात मागील गट संवेदकापासून प्रथम १५ मिमी.वर, मधल्या स्थितीत २० मिमी.वर आणि शेवटी ३० मिमी.वर असावा लागतो. पुढील गट दोन्ही टोकांना संवेदकापासून ३५ मिमी.वर येतो, मधल्या स्थितीत मात्र तो ३० मिमी.पर्यंत मागे सरतो. या प्रकारच्या भिंगाची नळी झूम करताना आधी किंचित आत जाते व मग पुन्हा बाहेर येते. पुष्कळांना तो बिघाड वाटतो. वस्तुतः ते गणित आहे. नळ्यांवर कोरलेल्या वक्र खाचांमुळे ही दुहेरी हालचाल घडते. केंद्रांतर बदलूनही केंद्रीकरण ढळत नाही ते काटेकोर अर्थाने झूम भिंग. आटोपशीर कॅमेऱ्यातील बहुतेक भिंगे या कसोटीस उतरत नाहीत. झूम थांबताच कॅमेरा नव्याने केंद्रीकरण करून घेतो, एवढेच.

याच उदाहरणावरून दुसरी एक अडचण ध्यानात येते. मागील गटाजवळचे छिद्र तेवढेच राहिले. संवेदकापासूनचे त्याचे अंतर मात्र १५ वरून ३० मिमी., म्हणजे दुप्पट झाले. परिणामी रुंद टोकाला छिद्रांक एफ/२.८ असेल, तर लांब टोकाला तो एफ/५.६ होतो आणि संवेदकावर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश उरतो. भिंगाच्या कडेवर ‘१:२.८–५.६’ असे जे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, त्याचा अर्थ हाच. खोक्यावरील ठळक आकड्यापेक्षा हे बारीक अक्षर अधिक उपयोगी असते.

पट आणि पल्ला : झूमची पट म्हणजे सर्वांत लांब केंद्रांतराला सर्वांत आखूड केंद्रांतराने भागून येणारे गुणोत्तर होय. वस्तू नुसत्या डोळ्यांपेक्षा किती पट मोठी दिसेल, हे त्यावरून समजत नाही. दुर्बिणीच्या विशालनाशी त्याची गल्लत करू नये. वेगवेगळ्या आकारांच्या संवेदकांची तुलना करता यावी म्हणून केंद्रांतर ३५ मिमी. फिल्मच्या चौकटीशी (३६ × २४ मिमी.) समतुल्य करून सांगण्याची पद्धत आहे. स्वस्त कॅमेऱ्यांत सर्रास आढळणाऱ्या ‘१/२.३ इंच’ संवेदकाचा प्रत्यक्ष आकार सु. ६.२ × ४.६ मिमी. असतो. (हे इंच जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील नळीच्या बाह्य व्यासावरून रूढ झालेले असून प्रत्यक्ष मापाशी त्यांचा मेळ नाही.) अशा संवेदकासाठी केंद्रांतरास सु. ५.६ ने गुणावे लागते. वरील ५ ते २० मिमी.चे भिंग म्हणजे समतुल्य २८ ते ११२ मिमी. होय.

आता ३८ ते ३८० मिमी. आणि २५ ते २५० मिमी. ही दोन समतुल्य भिंगे घेतली, तर दोहोंच्या खोक्यावर ‘१० एक्स’ असेच छापलेले असेल. भिंतीला पाठ टेकवून तीन मीटरांवरील कुटुंबाचे चित्र घेताना पहिल्यात सु. २.७ मी. रुंदीचा आणि दुसऱ्यात सु. ४.१ मी. रुंदीचा पट्टा मावतो. वर्षातून एकदा जमणाऱ्या पंधरा माणसांपैकी कडेची चार चौकटीबाहेर राहतात की नाही, हे दहा या आकड्यावर नव्हे, तर पहिल्या केंद्रांतरावर ठरते. यंत्रमागाच्या शेडमध्येही हेच. दोन मागांमधील वाटेत मागे सरकण्यास जागाच नसते. तेथे २४ किंवा २५ मिमी.चे रुंद टोक उपयोगी पडते आणि लांब टोक निरुपयोगी ठरते. चालू मागांनी हादरणाऱ्या जमिनीवर तिपाई ठेवल्याने चित्र स्थिर येईल अशी समजूत असते, पण तिपाईही हादरतेच. हातात धरलेला कॅमेरा तेथे पुष्कळदा बरा.

मायणी (जि. सातारा) येथील तलावावर परिस्थिती नेमकी उलट असते. विट्याच्या उत्तरेस वीस-पंचवीस किमी. असलेला हा तलाव हिवाळी पाहुण्या पक्ष्यांसाठी, विशेषतः रोहितांसाठी (फ्लेमिंगो) नावाजलेला असून २०२१ मध्ये त्याचा परिसर संवर्धन राखीव म्हणून घोषित झाला. येथे पायी पुढे जाणे शक्य नसते, आणि शक्य असले तरी इष्ट नसते. पक्षी उडून जातात. शंभर मीटरांवरून समतुल्य ११२ मिमी.ला चौकटीत सु. ३१ मी. रुंद व सु. २३ मी. उंच दृश्य येते. त्यात १.३ मी. उंचीचा रोहित ४,००० × ३,००० चित्रबिंदूंच्या चित्रात जेमतेम १७० बिंदूंचा होतो. तोच ६०० मिमी.ला सु. ९०० बिंदूंचा होतो व त्याची चोच आणि डोळा ओळखू येतो. झूमचा खरा उपयोग येथे आहे. मात्र उन्हाळ्याच्या दुपारी माळावरील तापलेली हवा लहरत असते आणि लांब पल्ल्याच्या चित्रात त्या लहरी पक्ष्याइतक्याच मोठ्या होऊन येतात. त्यावर महागड्या भिंगाचाही इलाज चालत नाही. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास हाच उपाय.

लांब पल्ल्याच्या हव्यासाला सीमा राहिली नाही. निकॉनच्या ‘कूलपिक्स पी ९००’ (२०१५) या कॅमेऱ्याचे भिंग ८३ पट, समतुल्य २४ ते २,००० मिमी., तर ‘पी १०००’ (२०१८) चे १२५ पट, समतुल्य २४ ते ३,००० मिमी. आहे. पहिल्याचे वजन सु. ९०० ग्रॅ. व दुसऱ्याचे सु. १.४ किग्रॅ. असल्याने भिंग कायमचे बसविलेले असूनही त्यांना आटोपशीर म्हणवत नाही.

यथादर्शन : झूममुळे जवळच्या व दूरच्या वस्तूंचे परस्परप्रमाण बदलते, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. ते प्रमाण कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. झूम केवळ दृश्याचा लहान भाग निवडून चौकटभर करते. विजयादशमीस विट्यात श्रीरेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत होते. एक पालखी दुसरीपेक्षा १० मी. पुढे असेल आणि चित्र घेणारा पुढच्या पालखीसमोर १० मी.वर उभा असेल, तर मागची पालखी पुढचीच्या निम्मी दिसेल. तोच १०० मी. दूर गच्चीवर उभा राहून झूमने चित्र घेईल, तर दोहोंच्या आकारात एक दशांशाहूनही कमी फरक पडेल व पालख्या एकमेकींना खेटल्यासारख्या भासतील. शर्यत किती चुरशीची झाली हे ठरविण्यास असे चित्र पुरावा म्हणून पुढे करू नये, हे उघड आहे. व्यक्तिचित्रातही याच कारणाने दीड-दोन मीटर मागे सरून समतुल्य ८० ते १०० मिमी. वापरणे चांगले; रुंद टोकाने जवळून घेतल्यास नाक मोठे व कान लहान होतात.

धावत्या पालखीची अडचण आणखी एक आहे. ११२ मिमी. समतुल्य भिंग हातात धरले असता हाताच्या कंपाने चित्र हलू नये म्हणून झडप सु. १/१२५ सेकंद किंवा त्याहून कमी काळ उघडी असावी, असा ठोकताळा आहे. धावती माणसे गोठवावयाची तर १/५०० सेकंद लागतो. उतरत्या प्रकाशात एफ/२.८ ला जेथे १/१२५ सेकंद पुरतो, तेथे लांब टोकाच्या एफ/५.६ ला १/३० सेकंद लागतो. म्हणजे झूम केल्याने जेव्हा वेळ कमी हवा, तेव्हाच तो वाढतो. प्रतिमा-स्थिरीकरणाची योजना हाताचे कंप सावरते, पण धावणाऱ्याचे पाय थांबवू शकत नाही. कॅमेरा संवेदनक्षमता (आयएसओ) वाढवून मार्ग काढतो आणि लहान संवेदकावर त्याचे मोल दाणेदार, धुरकट चित्राच्या रूपाने द्यावे लागते, १/२.३ इंची संवेदकाचे क्षेत्रफळ ३५ मिमी. चौकटीच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपासच असते. अशा वेळी झूम न करता रस्त्याच्या कडेला जवळ उभे राहणे, पालखी जेथून जाणार त्या जागेवर बटण अर्धे दाबून केंद्रीकरण आधीच करून ठेवणे आणि ती येताच बटण पुरते दाबणे, यातच शहाणपण आहे. स्वस्त कॅमेऱ्यात बटण दाबणे व चित्र टिपले जाणे यांत जो रेंगाळ असतो, तोही यामुळे बराच टळतो.

दागिन्यावरील नक्षी टिपण्यासाठी झूम पुढे करणे ही स्वाभाविक परंतु चुकीची प्रेरणा होय. बहुतेक आटोपशीर कॅमेरे अगदी जवळचे केंद्रीकरण, काही तर एकदोन सेंमी. पर्यंत, फक्त रुंद टोकाला करू शकतात. लांब टोकाला वस्तू मीटरभर दूर ठेवावी लागते. इतक्या जवळून कॅमेऱ्याचीच सावली नथीवर पडते, म्हणून प्रकाश खिडकीतून बाजूने यावा.

इलेक्ट्रॉनीय झूम : भिंग न हलविता चित्राचा मधला भाग कापून तो फुगविणे यास इलेक्ट्रॉनीय किंवा डिजिटल झूम म्हणतात. यात नवी माहिती मिळत नाही. १ कोटी २० लक्ष बिंदूंच्या चित्रावर चार पट डिजिटल झूम केल्यास खरे बिंदू साडेसात लक्ष उरतात. बाकीचे अंदाजाने भरलेले असतात. कापण्याचे हे काम घरी संगणकावर, सावकाश व परत फिरण्याची सोय ठेवून करता येत असल्याने ही योजना बंद ठेवणे बरे. खोक्यावर कधी दोन्ही झूमांचा गुणाकार ‘एकूण झूम’ म्हणून छापलेला आढळतो. त्यांपैकी ‘ऑप्टिकल’ असे लिहिलेला आकडाच तेवढा पाहावा. भ्रमणध्वनीतही बहुधा झूम भिंग नसून निरनिराळ्या स्थिर केंद्रांतरांची दोनतीन भिंगे शेजारी शेजारी बसविलेली असतात आणि मधल्या पट्टी कापण्याच्याच पद्धतीने, सुबक गणनक्रियांची जोड देऊन, साधल्या जातात.

निवड व निगा : भ्रमणध्वनीच्या प्रसारामुळे आटोपशीर कॅमेऱ्यांची बाजारपेठ झपाट्याने आटली. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक अंकीय कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले; २०२० मध्ये सर्व प्रकार मिळून ही संख्या एक कोटीच्या आत आली. स्वस्त नवे नमुने विरळ झाल्याने मध्यम ऐपतीचा ग्राहक आता बहुधा जुन्या कॅमेऱ्याकडे वळतो. रुंद टोक २४ ते २८ मिमी. आणि लांब टोक १०० ते १२० मिमी. असलेला, तुलनेने मोठ्या संवेदकाचा साधा चार-पाच पट झूमचा कॅमेरा घर, शेड व सण यांना पुरतो. पक्षी हाच मुख्य छंद असेल, तरच लांब झूमसाठी इतर गुणांवर पाणी सोडावे.

जुना कॅमेरा घेताना झूम दोन्ही टोकांपर्यंत चारसहा वेळा फिरवून नळी कचकचते किंवा अडखळते काय ते ऐकावे. आतबाहेर सरकणारी नळी हवा आत ओढते व हवेबरोबर धूळही. खानापूर तालुक्यातील कोरड्या वाऱ्यात आणि मागाच्या शेडमधील सुताच्या तुसांत ती लवकर भरते. लांब टोकाला पांढऱ्या भिंतीचे चित्र घेतल्यास संवेदकावरील धूळ काळसर डागांच्या रूपाने दिसते. विटांच्या भिंतीचे चित्र एका बाजूस स्पष्ट व दुसऱ्या बाजूस अस्पष्ट आल्यास कॅमेरा पूर्वी पडून भिंगगट तिरका झालेला असण्याचा संभव असतो. ही दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किंमतीहून महाग पडते. विजेरीकडे तर भिंगाहूनही आधी पाहावे. नमुन्यागणिक वेगळी असणारी लिथियम विजेरी बंद झालेल्या कॅमेऱ्यासाठी मिळेनाशी होते, तर साध्या पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा कोणत्याही गावातील दुकानाच्या आधाराने चालू राहतो. त्यात पुनर्भारण करता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरणे काटकसरीचे. स्मृतिपत्र (मेमरी कार्ड) जुन्या कॅमेऱ्यास चालणारे असावे. एसडीएचसी हा प्रकार २००६ मध्ये आला. त्यापूर्वीचे अनेक कॅमेरे २ जीबीपर्यंतचीच साधी एसडी पत्रे वाचतात. पावसाळ्यात भिंगाच्या आतील पृष्ठावर बुरशीची जाळी धरू नये म्हणून कॅमेरा चामडी पाकिटात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून झूम फिरवून घ्यावे.